हॅम रेडिओ : पहिला संच घेण्यापूर्वी



बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, ठिबक आणि माती परीक्षण यांवर या पानांतून आपण नेहमीच वाचतो. आज जरा वेगळा विषय मांडतो आहे. विषय छंदाचा आहे, पण मला तो छंद म्हणून लागला नाही. तो पुराने लावला.

२०१९ सालचा ऑगस्ट कृष्णा-पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. आमच्या गावाला चारी बाजूंनी पाणी होते. पहिल्या दिवशी वीज गेली, दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपली आणि मग खिशातला फोन म्हणजे नुसता डबा झाला. माझी धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली. घरात म्हातारी सासू, दावणीला चार जनावरे. तिकडचे काय झाले ते कळायला आम्हाला चौथा दिवस उजाडला. सगळी सुखरूप होती, पण ते तीन दिवस आमच्या आईने अन्नाला हात लावला नाही.

पाणी ओसरल्यावर भाचा आला. डिप्लोमाला होता. गच्चीवर उभा राहून म्हणाला, "मामा, आमची गच्ची इथून सरळ रेषेत सात किलोमीटर. मधे डोंगर नाही, टेकडी नाही. पाच वॅटचा वायरलेस संच दोन्हीकडं असता तर तीन दिवस थांबावं लागलं नसतं."

मी म्हणालो, "मग घेऊन टाक की दोन."

तो म्हणाला, "तसं घेता येत नाही. आधी परीक्षा आहे."

तिथून या प्रकाराला सुरुवात झाली. आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो आहे.

हॅम म्हणजे कोण?

सरकारी परवाना घेऊन, पैसे मिळवण्याच्या उद्देशाशिवाय, स्वतःच्या संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बिनतारी बोलतो तो हौशी रेडिओवाला. जगभर त्याला हॅम म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचे सांकेतिक नाव मिळते. भारतातली ही नावे व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. हवेत आपण पाटील किंवा माने राहत नाही, त्या नावानेच ओळखले जातो. नव्या माणसाशी पहिल्यांदा बोलणे झाले की पोस्टकार्डासारखे एक कार्ड पाठवायची जुनी पद्धत आहे. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात.

आपल्या देशात हा छंद शंभर वर्षांचा झाला. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला. ते भारतातले पहिले हौशी रेडिओवाले मानले जातात. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी लोकांना आपले प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम काढले. १९४२ च्या आंदोलनात मुंबईहून जी गुप्त काँग्रेस रेडिओ चालली, तिच्यामागे उषा मेहता होत्या हे पुष्कळांना माहीत आहे. तिचा प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवाले होते, हे मात्र फार कमी लोक जाणतात. ते केंद्र ४२.३४ मीटर लहरीवर बोलत असे. आता एक साधे गणित करा. ३०० ला मीटरने भागले की मेगाहर्ट्झ मिळतात. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. आज हौशी लोकांना दिलेला ४० मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. म्हणजे उषाताईंचा आवाज ज्या वाटेने गेला, त्याच वाटेवर आज परवाना घेतलेली आपली पोरे बोलतात.

संकटातही हे लोक उपयोगी पडले आहेत. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ साली भूजच्या भूकंपात हॅम मंडळी संच घेऊन मदतीला गेली होती. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओच्या मोहिमेवर होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली. छंदासाठी नेलेले ते संच मग बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवण्याच्या कामी आले.

आधी परवाना, मग संच

आमची पहिली चूक इथेच होता होता राहिली. एका विक्रेत्याने भाच्याला खुशाल सांगितले, "लायसन-बियसन काही लागत नाही, सगळे घेतात." मीही पैसे काढून ठेवले होते. एका जुन्या, अनुभवी हॅम काकांनी वेळीच अडवले. परवाना नसताना असा संच वापरणे तर सोडाच, नुसता बाळगणेही कायद्यात बसत नाही. विनापरवाना वॉकीटॉकी सर्रास विकल्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसाही काढल्या. तेव्हा "सगळे घेतात" हे उत्तर कामाचे नाही.

एक फरक लक्षात ठेवा. ४४६ मेगाहर्ट्झच्या एका अरुंद पट्ट्यात चालणाऱ्या, अगदी कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना २०१८ पासून परवान्यातून सूट आहे. त्या वेगळ्या. हॅमचे संच त्यात मोडत नाहीत.

परीक्षा दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेते. अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावरून करायचा. दोन दर्जे आहेत. मर्यादित दर्जात दोन भाग : रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम. सर्वसाधारण दर्जाला त्याशिवाय मोर्स, म्हणजे तारेची कट्ट-कडकट्ट, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घेता आणि देता यावी लागते. मर्यादित दर्जाच्या नावात व्हीयू ३ येते, सर्वसाधारणच्या नावात व्हीयू २. बारा वर्षांवरील मुलामुलींनाही बसता येते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी चालू नियम स्वतः वाचून घ्यावेत. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

अभ्यासाची धास्ती घेऊ नका. ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, अँटेना एवढ्यातच शास्त्राचा बहुतेक भाग येतो. ज्याने शेतातल्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडला आहे, त्याला निम्मे आधीच कळलेले असते. मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भाच्याच्या शेजारी बसून पेपर दिला. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, पण पास दोघेही झालो.

मी का बसलो, तेही सांगतो. एकट्याला परवाना मिळून उपयोग नाही. पलीकडे बोलणाराही परवानाधारक लागतो. घरातला एक आणि पाहुण्यांतला एक अशी जोडी तयार झाली तरच पुरात उपयोग.

अर्ज केल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत वेळ जातो. आमचे कागद सरकारदरबारी फिरत होते तोवर २०२१ च्या जुलैचा पूर येऊन गेला. त्या वेळी मोबाईल कसाबसा टिकला म्हणून निभावले. पाऊस येताना छत्री शिवायला घेऊन चालत नाही, हे त्या आठवड्यात पुन्हा एकदा कळले.

सुरुवात कानाने करा

परवान्याची वाट पाहताना ऐकायला शिका. हौशी लोक जिथे बोलतात त्या लहरींवर साधा घरचा रेडिओ लावला तर आवाज बदक बोलल्यासारखा येतो. ते लोक एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात, त्यासाठी तशी सोय असलेला रिसिव्हर लागतो. तोही नसला तर जगातल्या अनेक हौशींनी आपले रिसिव्हर इंटरनेटवर खुले ठेवले आहेत, मोबाईलवरून फुकट ऐकता येतात. सकाळच्या वेळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभरातली मंडळी जमतात. महिनाभर नुसते ऐकले की कधी बोलावे, कधी थांबावे, नाव कसे सांगावे हे आपसूक अंगवळणी पडते.

पोरांना गोडी लावायची असेल तर अंतराळ स्थानकाची गोष्ट सांगा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम संच आहे आणि तिथला आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो. २०२५ च्या जुलैत आपले शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. स्थानक डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटे ऐकू येते, पण ती दहा मिनिटे पोरगे जन्मभर विसरत नाही.

संच कोणता घ्यावा?

आता मुद्द्याचे. लोक पहिला प्रश्न विचारतात, "चांगला संच कोणता?" तो प्रश्न अर्धा आहे. "कुठे बोलायचे आहे?" हे आधी ठरवा. बैल घेताना आपण नांगराला की गाडीला ते आधी ठरवतो, तसेच हे.

१. हातातला संच. दोन मीटर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) आणि सत्तर सेंटिमीटर (४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ) या दोन पट्ट्यांवर चालतो, शक्ती साधारण पाच वॅट. काही हजारांत येतो. चिनी बनावटीचा बाओफेंग यूव्ही-५आर हा जगभर नवशिक्यांच्या हातात दिसतो. जपानी कंपन्यांचे महाग असतात, पण त्यांचा रिसिव्हर गर्दीत कमी गोंधळतो. या लहरी नजरेच्या रेषेत जातात. गच्चीवरून गच्चीवर दहा-पंधरा किलोमीटर सहज, डोंगरमाथ्यावर रिपीटर असेल तर त्याहून खूप दूर. मात्र उभ्या उसात शिरून बोलाल तर दोन किलोमीटरचीही खात्री नाही. ओला पाला लहर पिऊन टाकतो.

स्वस्त संचाची एक खोड सांगून ठेवतो. तो हौशी पट्ट्याच्या बाहेरही बोलू देतो. बाहेर पोलीस, रेल्वे, इतर खाती असतात. संच बोलू देतो म्हणून आपण बोलायचे नाही. जबाबदारी बटण दाबणाऱ्याची.

२. गाडीत किंवा घरात बसवायचा संच. पट्टे तेच, पण शक्ती पंचवीस ते पन्नास वॅट. बॅटरी बारा व्होल्टची. परवान्यात आपल्याला किती शक्तीची मुभा आहे ते पाहून त्याप्रमाणे तो कमी करून ठेवावा. पूरपट्ट्यातल्या घराला माझ्या मते हाच सर्वांत योग्य. हातातल्या संचाची बॅटरी एका दिवसात मान टाकते. हा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कित्येक दिवस निघतो.

३. एचएफ संच. लांब पल्ल्याचा. याची लहर आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत खाली येते, म्हणून डोंगर आडवा आला तरी अडत नाही. दिवसा ४० मीटरवर महाराष्ट्रभर आणि शेजारच्या राज्यांत बोलता येते, २० मीटरवर परदेशातही. आयकॉमचा आयसी-७३०० हा शंभर वॅटचा संच पुष्कळांच्या टेबलावर असतो, पण किंमत लाखाच्या वर जाते. पहिल्याच वर्षी एवढी उडी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. हाताने जोडायचा संच. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा एचएफ संच रचला आणि त्याचा नकाशा सर्वांना खुला केला. कॉइल गुंडाळायला खास गाभे बाजारात मिळत नाहीत म्हणून त्यांनी नळाचे वायसर वापरले! हा भारतीय संच आज जगभरचे हौशी बनवतात. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे त्याने हा मार्ग जरूर धरावा. बिघडला तर दुरुस्तही आपणच करू शकतो.

जुना संच घेण्यात कमीपणा नाही. पण बैलाचे दात पाहतो तसे पाहून घ्या. समोर चालू करायला लावा, वॅटमीटर लावून किती शक्ती बाहेर पडते ते पाहा, माईकचे बटण आणि सगळी बटणे फिरवून बघा. आणि अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय बोलायचे बटण दाबू नका. बाहेर न पडलेली शक्ती परत फिरते आणि संच जाळते.

पैसा अँटेनात घाला

आमची खरी चूक इथे झाली. संच नवाकोरा घेतला, अँटेना गच्चीवरच्या टाकीशेजारी उभी केली आणि खालच्या खोलीपर्यंत तीस मीटर केबल टाकली. स्वस्तातली, बारीक. भाच्याचा आवाज कसाबसा यायचा, माझा त्याला जाईना. आठ दिवस आम्ही संचालाच नावे ठेवली.

हॅम काका आले, केबल हातात घेतली आणि हसले. म्हणाले, "दादा, तुमच्या विहिरीला पाणी आहे हो, पण पाट कच्चा आहे. पाणी वाटेतच मुरतंय."

अगदी तसेच होते. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये दोन मीटरच्या लहरीवर तीस मीटर अंतरात सुमारे तीन चतुर्थांश शक्ती मुरते. पाच वॅट घातले तर वर सव्वा वॅट पोचतो. आम्ही संच वरच्या खोलीत नेला, जाड केबल आणली आणि ती दहा मीटरवर आणली. त्याच संध्याकाळी सात किलोमीटरवरचा भाचा शेजारच्या खोलीत असल्यासारखा ऐकू आला. संच तोच.

अँटेना घरीही होते. दोन मीटरसाठी पाव लहरीची उभी दांडी ४९ सेंटिमीटर भरते. खाली तेवढ्याच लांबीच्या चार दांड्या उताराने लावायच्या. अॅल्युमिनियमची सळई पुरते. एचएफसाठी ४० मीटरची साधी तारेची अँटेना एकूण ६६ फूट, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना ३३ फूट. दोन नारळांमध्ये किंवा घर आणि आंब्यामध्ये ताणली की झाले.

पण दोन गोष्टी कानाला खडा लावून ऐका. विजेच्या तारेजवळ अँटेना कधीही उभारू नका. उभारताना काठी किंवा तार कलली तरी वाहिनीला लागणार नाही एवढे अंतर ठेवा. आपल्या रानांतून ११ केव्हीच्या वाहिन्या जातात आणि त्या माफ करत नाहीत. दुसरे, वळवाची वीज कडाडू लागली की केबल संचातून काढून घराबाहेर टाका. अर्थिंग पक्के हवे.

एचएफवाल्यांनी आणखी एक पाहावे. सौर पंपाचा इन्व्हर्टर, हलके एलईडी दिवे, तडकलेला इन्सुलेटर यांची खरखर रिसिव्हरमध्ये भरते. एकदा घरातला मेन स्विच बंद करून, बॅटरीवर संच लावून ऐका. गोंगाट आपल्या घरचा की बाहेरचा ते लगेच कळेल.

काय चालत नाही

हा परवाना धंद्यासाठी नाही. ऊसतोडीची टोळी कुठे आहे, गाडी वजनकाट्यावर कधी येणार, पाळी कोणाची, असली बोलणी त्यावर करता येत नाहीत. त्यासाठी वेगळे परवाने असतात. राजकारण, गाणी, जाहिरात, सांकेतिक निरोप हेही बंद. बोलल्याची नोंद वहीत ठेवावी लागते. आणि ऐकणारे पुष्कळ असतात, म्हणून बोलणे चावडीवर बोलतो तसे, सांभाळून.

शेवटी

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी जवळपासचा एखादा परवानाधारक हॅम शोधावा. अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही देशपातळीवरची संस्था आहे, हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ आहे. पुस्तकापेक्षा माणसाकडून हे लवकर येते आणि या छंदातली माणसे शिकवायला हात आखडत नाहीत.

आमच्यापुरते सांगायचे तर दर रविवारी रात्री आठ वाजता मी आणि भाचा पाच मिनिटे बोलतो. मोबाईल खिशात असतो, तरी बोलतो. सवय राहिली नाही तर नेमक्या दिवशी बॅटरी उतरलेली आणि केबल उंदराने खाल्लेली निघते. एका पावसाळ्यात नदीचे पाणी चढू लागले आणि वीज गेली, तेव्हा रात्री दहाला त्याचा आवाज आला : "मामा, पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलंय. जनावरं वरच्या रानात हलवली. आजीला सांगा, आई जेवली, तुम्हीपण जेवा."

मी तो निरोप आईला सांगितला. तिने विचारले, "एवढ्या तांब्याच्या तारेतनं आलं व्हय हे?" आणि ताट पुढे ओढले.

परवाना, संच, केबल, बॅटरी या सगळ्यावर जो खर्च झाला तो त्या एका रात्रीत फिटला, असे मी समजतो. नदीच्या दोन्ही काठांना आपल्या सभासदांची घरे आहेत. प्रत्येक काठावर दोन-चार परवानाधारक तयार झाले, तर पुढच्या पुरात कोणाच्या आईला तीन दिवस उपाशी बसावे लागणार नाही. पावसाळ्याला अवकाश आहे. अभ्यासाला आत्ताच बसा.